झाडावरची अबोली

वडील मार्केट यार्डात फुलांच्या गाळ्यावर हमाली करायचे, आई कसबा पेठेत देवळाच्या पायरीशी गजरे विकायची. खोली एकच, वर पत्रा. खोलीतली गार जागा फुलांच्या टोपल्यांना, तापलेली बाजू आम्हाला. माझ्या वह्यांवर ओल्या टोपल्यांचे डाग पडायचे. त्याच वह्यांवर मी घरातली पहिली पदवीधर झाले, वनस्पतिशास्त्रात. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते.

कागदाची फुलं करायचा नाद कॉलेजात लागला. पदवीनंतर खराडीतल्या एका ऑफिसात फोन घ्यायची नोकरी मिळत होती; सोमवारपर्यंत कळवायचं होतं. त्याच आठवड्यात विभागप्रमुख मॅडम म्हणाल्या, "विभागाच्या कपाटासाठी एक अबोली करून आण. खरी वाटली तर पुढची सगळी फुलं तुझ्याकडे."

अबोली? आमच्या घरातून हजारो गेलेल्या. क्रेप कागद अंगठ्याने ताणला, बारीक तारेवर नळी गुंडाळली, खडूची भगवी पूड बोटाने चोळली. आईने ते फूल चुकून गजऱ्यात घ्यायला उचललं, तेव्हाच मी मनात नोकरी सोडून दिली.

मॅडमनी फूल उलटसुलट केलं. "छान. आता झाडावर बसवून दाखव."

"म्हणजे?"

"हे उगवलं कुठून? टोपलीतून?"

टोपलीतूनच, असं तोंडावर आलं होतं. अभ्यासक्रमात जास्वंद होती, अबोली नव्हती. घरी येऊन विचारलं, "आई, अबोली झाडावर कशी असते गं?"

"मला काय विचारतेस? माझ्याकडे ती खुडूनच येते. कॉलेजात तू गेलीस ना?"

झाड सापडलं पेठेतच, एका जिन्यावर रंगाच्या जुन्या डब्यात. मी रोज तिथूनच जायचे. हिरवं कणीस, ओंबीसारखं, त्याच्या खवल्यांतून फुलं बाहेर आलेली. फूल ओढलं तर हिरवं सगळं झाडावरच राहिलं. मी बघतच बसले. मग इतकी वर्षं मी अबोली कशाला म्हणत होते? आणि पदवी नेमकी कशाची घेतली?

रविवारपर्यंत कागदाचं कणीस झालं. आईने ते हातात घेतलं आणि चिमटीने एक फूल अलगद उपसलं. गोंद ओलाच होता.

"अगं," ती म्हणाली, "हात गेला."

रागवावं की हसावं, कळेना. फूल परत लावायला घेतलं आणि ठेवून दिलं. का, ते तेव्हाही सांगता आलं नसतं.

सोमवारी सकाळी मॅडमनी त्या रिकाम्या खवल्यावर बोट ठेवलं. "हे कुठे गेलं?"

"आईने खुडलं."

त्यांनी कणीस कपाटात ठेवलं आणि दार लावलं. पसंत पडलं की नाही, हे कळायला मी तिथेच उभी राहिले. शेवटी त्याच म्हणाल्या, "जास्वंद कधी आणतेस?"

खराडीला नाही म्हणून कळवलं. आज त्या कपाटात माझी एकोणीस फुलं आहेत, देठासकट. खाली चिठ्ठीवर माझं नाव आहे आणि नावापुढे बी.एस्सी.