रंग तेवढा तिकडे मारायचा

विक्रोळीच्या आमच्या कारखान्यात तेलाच्या पाइपलाइनचे व्हॉल्व्ह बनायचे. आमचं मोठं गिऱ्हाईक असलेल्या एका तेलवाल्या देशाने कायदा केला, की यापुढे माल तिथेच बनलेला हवा. मी म्हटलं, वाट लागली, ऑर्डर गेली! पण आमचे साहेब भलतेच हुशार. व्हॉल्व्ह इथेच पूर्ण करायचा, तपासायचा, फक्त रंग मारायचा नाही. उरलेलं 'उत्पादन' तिकडच्या भागीदाराच्या शेडमध्ये. रंगाचे डबे आणि ब्रशसुद्धा आम्हीच खोक्यात भरून पाठवले.

उद्घाटनाला साहेब मलाही घेऊन गेले. तिथल्या मंत्र्यांनी स्वतः ब्रश फिरवला, टाळ्या पडल्या, देश स्वावलंबी झाला. रंगकामावर नेमलेल्या तिथल्या एका इंजिनीअरने साहेबांना विचारलं, "व्हॉल्व्ह बनवायला कधी शिकवणार?"

साहेब त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "आधी रंगात हात तर बसू दे!"

विमानतळाकडे जाताना वाटेत बंदर लागलं. शंभर टक्के तिथलं म्हणावं असं त्या देशात एकच होतं, तेल. ते कच्चंच जहाजात भरून बाहेर चाललं होतं. त्याला तिथे थांबवायचा कायदा मात्र कोणी केला नव्हता.