पहिली बादली तोयोनोची

आमच्या खोऱ्यात तोयोनोच्या तोंडी लागायची हिंमत कुणी करत नाही. नवरा गेल्यावर टोफूचं दुकान तिने एकटीने चालवलं. अंधारात सोयाबीन दळायला घ्यायची, ती उजाडेपर्यंत टोफूच्या वड्या पाण्यात सोडून मोकळी. टोफू उचलायचा तर हात हलका लागतो. तिचा हात तसा होता, जिभेचं मात्र विचारू नका. दुकानात कुणी टोफूला बोट लावून पाहिलं की ती म्हणायची, "नवरा निवडतानाही असं दाबून बघितलं होतंस का?"

महिला मंडळाची शरदातली सहल तिचीच. डोंगर तांबडे-पिवळे झाले की बस ठरवायची, शिराताकीच्या गरम झऱ्यांवर जायचं, सगळ्याजणींनी एकत्र उघड्या अंगाने आंघोळ, जेवण, आणि दिवस मावळायच्या आत घरी.

गेल्या हिवाळ्यात तिला गाठ निघाली आणि डावा स्तन काढावा लागला. बर्फ वितळायच्या आत ती पुन्हा दुकानात उभी. बायकांनी काही विचारलं नाही, तिनेही काही सांगितलं नाही. गाव ते केवढं, सगळ्यांना सगळं ठाऊक होतं.

यंदाही बस तिनेच ठरवली. धुरावलेल्या मुळ्याचं लोणचं सीटासीटांवर फिरवलं. वळणावर मेपलची लालभडक राई आली तशी ओरडली, "डावीकडे बघा गं. डुलक्याच काढायच्या तर घरी गाद्या नव्हत्या का?" शेजारी तिची सून चिनात्सु बसली होती. सासूने पिशवीत आंघोळीचा पंचा घेतलेला नाही, हे तिने सकाळीच पाहिलं होतं. बोलायची तिची छाती झाली नाही.

झऱ्यावर पोचल्यावर कपडे बदलायच्या खोलीत तोयोनो पिशव्यांच्या ढिगाशेजारी बाकावर बसली. "मला सर्दी आहे. सामान मी सांभाळते, तुम्ही जा."

"बरं," हिसाको म्हणाली. शाळेपासूनची मैत्रीण ती, पण पुढे एक शब्द नाही. सगळ्या गुपचूप आत गेल्या.

इतक्या पटकन ऐकतील असं तोयोनोला वाटलं नव्हतं. तिला वणाची लाज नव्हती. पण इतकी वर्षं ज्यांनी तिची बोलणी खाल्ली त्यांचे आता कीव करणारे डोळे बघायचे, हे तिला जमणार नव्हतं. आणि इथवर येऊन कोरडं परतायचं म्हणजे पुढच्या वर्षीपासून सहल दुसरीच्या हाती द्यायची, हेही ती ओळखून होती.

एवढ्यात चिनात्सु अंगाला पंचा धरून बाहेर आली. "आई, आत कुणी पाणीच घेईना."

"म्हणजे?"

"नुसत्या बसल्यात. हिसाकोसान म्हणतात, पहिली बादली तुमची."

मंडळाची रीतच तशी. कुंडात उतरण्याआधी बायका बुटक्या स्टुलांवर एकामागे एक बसतात आणि मागची पुढचीची पाठ घासते. सगळ्यांत पुढे तोयोनो. तिने अंगावर बादली ओतली की बाकीच्यांनी सुरुवात करायची.

"थंडीने काकडतील की."

"काकडतायत. कुनिएसानना तर शिंका सुरू झाल्यात."

तोयोनो ताडकन उठली. कपडे उतरवले, सुनेच्या हातातला पंचा ओढून छातीशी धरला आणि दार सरकवलं. आत सगळ्याजणी अंग चोरून रांगेत बसल्या होत्या. पुढचं स्टूल रिकामं होतं.

"वयं काय तुमची? उद्या गारठून मेलात तर तुमच्या घरच्यांना मी तोंड कसं दाखवू?"

"आधी बस, मग बोल," हिसाको म्हणाली. "पाठ दे."

तोयोनो बसली आणि बादली ओतली. मागे धडाधड पाणी सुरू झालं. हिसाकोने पाठ घासायला घेतली, दरवर्षीसारखीच, साल निघेल अशी.

"हळू गं, कढई आहे का ती?"

"कढई बरी. ती घासताना बोलत नाही."

रांगेत खसखस पिकली.

बाहेरच्या उघड्या कुंडावर वाफ होती आणि वर सगळा लाल डोंगर. पंचा पाण्यात न्यायचा नाही, हा नियम शेंबड्या पोरालाही माहीत. तोयोनो काठावर थांबली. हिसाको हळूच म्हणाली, "आज असू दे. कुणी काही म्हणणार नाही."

नेमकं हेच तिला नको होतं.

"पंचा पाण्यात? माझ्या सहलीत?"

तिने पंचा काढला, नीट घडी घातली, रीतीप्रमाणे डोक्यावर ठेवला आणि ताठ मानेने एकेक पायरी उतरली. डाव्या बाजूने काखेपर्यंत गेलेला तांबूस वण सगळ्यांनी पाहिला. कुणी नजर वळवली नाही. कमरेइतक्या पाण्यात ती उभीच राहिली आणि एकेकीचे डोळे तिने टोफूची वडी तपासावी तसे तपासले. कुनिएचे भरले होते, पण त्यांत कीव नव्हती. चिनात्सुला लग्न झाल्यापासून सासूचा धाक वाटत आला होता. आज तिला वाटलं, ही आपल्या घरची बाई आहे हे डोंगरापलीकडे ऐकू जाईल असं ओरडून सांगावं.

"झालं बघून?" तोयोनो म्हणाली. "आता पानं बघा. त्यासाठी आलोय ना?"

"पानं दरवर्षी बघतो गं," हिसाको म्हणाली. "आज तुला बघू दे."

तोयोनो गळ्यापर्यंत पाण्यात बसली, जरा सरकली आणि आपल्या डाव्या बाजूला जागा केली.

"चिनात्सु, काठावर काय उभी आहेस? ये, इथे माझ्याजवळ बस."