गाण्याचा प्रकार विचारत गडचिरोलीला

इंटरनेटवरच्या संगीतवेड्यांना विचारून विचारून मी थकले होते. ‘शब्द नाहीत, नुसते ठोके आणि वर तरंगणारी एक धून’, एवढंच मला सांगता यायचं. त्यांचा उलटा प्रश्न ठरलेला: प्रकार कोणता, ट्रान्स की हाऊस? जणू आडनाव कळल्याशिवाय घरात घ्यायचंच नाही! शेवटी रजा टाकली आणि ती धून असलेली आमची कॅसेट जिथे भरून घेतली होती, त्या गावालाच निघाले. माझा मोठा भाऊ मिलिंद ती दिवसभर वाजवायचा आणि चुलीपासून आई ओरडायची, "आवाज कमी कर!" मलेरियानं तो गेला. आम्ही पुण्याला आलो, कॅसेटही केव्हाच खराब झाली. मला ती धून एकदा, फक्त एकदा ऐकायची होती.

नागपूरहून गडचिरोलीला आरमोरीवरूनही गाड्या आहेत, पण तुम्ही मूलवरून जाणारी एसटी धरा. सिंदेवाहीला तर्री-पोहे खा. तर्री मात्र बेतानं. मी फुशारकी मारून जास्तीची मागितली आणि मूलपर्यंत नाक पुसत बसले. वाटेत जंगल लागतं, डोळा लागू देऊ नका.

गडचिरोलीत स्टँडजवळचं रशीदभाईंचं कॅसेटचं दुकान अजून आहे. आता ते सीडी भरून देतात. त्यांनी मला ओळखलं नाही. मी लाजतलाजत धून गुणगुणले.

"अरे, हे तं मिलिंद होय!"

मी काउंटर घट्ट धरला. "मिलिंद म्हणजे?"

"वरतून ट्रान्स, हाऊस, काय काय लिवून येते, बाई. गिऱ्हाइकाले काय समजते त्यातलं? आमी ज्यानं पयले भरून नेलं त्याचं नाव ठेवतो. पिंटू म्हंजे धडाधड, वरातीचं. मिलिंद हळूच सुरू होते, मंग सोडत नाई."

माझा भाऊ अगदी तसाच होता. हे सांगायला तोंड उघडलं, ‘मी त्याची बहीण’ एवढंच निघालं आणि रडूच कोसळलं. तेव्हा कुठे त्यांना ओळख पटली. त्यांनी स्टूल पुढे केलं, चहा मागवला आणि म्हणाले, "उद्या धानोऱ्याले जा. लग्न आहे, साउंड आपलाच आहे."

गेले. धानोऱ्याला गाड्या कमी, परतीची वेळ आधीच विचारून ठेवा. मांडवात हळदीनं माखलेल्या पोरी नाचत होत्या. त्यातली एक साउंडवाल्यावर ओरडली, "भाऊ, पिंटू नोको, मिलिंद लाव ना!"

मी तिला विचारलं, "मिलिंद कोण गं?"

"कोन नाई, ताई. बाजाचा प्रकार असते तो."

आणि हात धरून तिनं मला आत ओढलं. मी नाचले. तो इथे हवा होता, एवढंच सारखं मनात येत होतं.

पुण्याला येऊन आईला सगळं सांगितलं. ती भाजी चिरत ऐकत होती.

"लोकं नाचतेत त्याच्यावर?"

"नाचतात."

मी सीडी लावली. ठोके सुरू झाले तसा जुन्या सवयीनं माझा हात बटणाकडे गेला.

"काऊन कमी केला?" आई ओट्यापासून ओरडली. "वाढव!"