डोळे मिटून दिलेला शब्द

आमच्या देवळाली प्रवरेच्या ख्रिस्ती मंडळीत सगुणामावशी पाटोळे यांच्याशेजारी डोळे मिटून बसणं जरा जोखमीचंच होतं.

मावशी अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या. त्या पाळक नव्हत्या, पंच नव्हत्या, पण मंडळीतलं कुठलं काम कुणाच्या गळ्यात पडणार हे त्याच ठरवायच्या. आणि ठरवायच्या ते प्रार्थनेत. समोर बसून माणसाकडे काही मागितलं तर तो सबब सांगतो. प्रार्थना चालू असताना मध्ये बोलायची आमच्यात रीत नाही, आणि शेवटी सगळ्यांनी आमेन म्हणायचं असतं. आमेन म्हणजे तसंच होवो. एकदा म्हटलं की देवासमोर शब्द दिल्यासारखं झालं.

प्रवीणचा कांदे वाहायचा टेम्पो असाच गेला. नदीकडच्या वस्तीवर मावशी दर गुरुवारी दुपारी बायांना जमवून वचन वाचायच्या, गीतं शिकवायच्या. त्या बायांना रविवारी उपासनेला यायला वाहन नव्हतं. मावशींनी एका रविवारी डोळे मिटले आणि, प्रभो, आमच्या प्रवीणला तू टेम्पो दिलास, तो दर रविवारी वस्तीवर न्यायचं मनही दिलंस, म्हणून तुझे आभार, असं शांतपणे सांगून टाकलं. प्रवीण सवयीनं आमेन म्हणून बसला. डोळे उघडल्यावर त्याला कळलं, पण तोवर शेजारच्यांनी त्याचा हात हातात घेऊन अभिनंदन सुरू केलं होतं. तेव्हापासून वस्तीवरच्या बाया कांद्याच्या वासासकट उपासनेला येतात. पाळकसाहेबांचा लांबलचक उपदेशही असाच एकदा अर्ध्या तासावर आला.

पुढे लोक सावध झाले. मावशी प्रार्थनेला उभ्या राहिल्या की शेवटच्या शब्दापर्यंत कान देऊन ऐकायचे, आणि मगच आमेन. इतक्या लक्षानं प्रार्थना ऐकणारी मंडळी आपण कुठेच पाहिली नाही, असं पाळकसाहेब पाहुण्यांना कौतुकानं सांगायचे.

मग मावशींचा गुडघा गेला. पुण्याहून मुलगा पंकज आला. ऑपरेशन पुण्यात करायचं आणि नंतर आईनं कायमचं तिकडेच राहायचं, हे त्यानं कुणाला न विचारता ठरवून टाकलं. आईवरच गेला होता तो. मावशींना ऑपरेशनची भीती नव्हती. धास्ती होती ती गुरुवारची. आपण गेलो की वस्तीवरची बैठक मोडणार, हे त्यांना दिसत होतं.

जायच्या आधीच्या रविवारी उपासनेनंतर मावशींचा निरोपसमारंभ ठेवला होता. तेव्हा मावशींनी पहिल्यांदाच उघड्या डोळ्यांनी विचारलं, गुरुवार कोण घेईल? कुणाची सून बाळंत व्हायची होती, कुणाला ऊन सोसत नव्हतं. प्रवीण म्हणाला, मी टेम्पो देतोच आहे. बाकीचे सतरंजी निरखत राहिले.

"बरं, प्रार्थना करू," मावशी म्हणाल्या.

सगळ्यांनी ओठ घट्ट मिटले. पण त्या दिवशी त्यांनी कुणाचंच नाव घेतलं नाही. या माणसांनी मला सांभाळून घेतलं, आता तू त्यांना सांभाळ, एवढंच मागितलं आणि आमेन म्हणाल्या. त्यावर कुणाचा आवाजच निघेना. आपण नेमके कुठे अडकलो, याचाच जो तो विचार करत बसला होता. मावशींनी एक डोळा उघडून पाहिलं. त्यांचा तो चेहरा मला बघवला नाही.

तेवढ्यात मागून वस्तीवरची भीमाबाई बोलायला लागली. तिला वाचायला मावशींनीच शिकवलं होतं, पण चारचौघांत प्रार्थना तिनं कधी केली नव्हती.

"देवबापा, मला लई बोलता येत न्हाई. मावशी येईस्तवर गुरवारी मी वाचीन, चुकत चुकत वाचीन. तू तिचा गुडघा नीट कर. आन पंकजदादानं तिला नाताळाआधी माघारी आनून सोडायचं कबूल केलं, म्हनून तुझं लई उपकार. तिची खुर्ची आमी कुनाला देनार न्हाई. येशूच्या नावानं मागते, आमेन."

"आमेन," सगळ्यात आधी मावशीच म्हणाल्या. पाठोपाठ अख्खी मंडळी मोकळ्या गळ्यानं म्हणाली, आणि त्यात पंकजही होता.

डोळे उघडल्यावर तो प्रवीणसारखाच दिसत होता.

"आई, मी आपलं सवयीनं म्हटलं," तो म्हणाला.

"प्रवीणपण सवयीनंच म्हणाला होता," मावशी म्हणाल्या आणि काठी टेकत उठल्या.

नाताळाआधी तो त्यांना घेऊन आला. आता भीमाबाई वाचते, मावशी खुर्चीत बसून चुका काढतात, आणि प्रवीण त्यांना वस्तीवर सोडतो. रविवारच्या जोडीला गुरुवारही त्याच्या गळ्यात कसा पडला, ते त्यानं मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पंकज अधूनमधून येतो. प्रार्थनेला बसतो, पण डोळे मिटायच्या आधी हळूच विचारतो, विषय काय आहे?