आधी जमिनीला पाणी पाजा

इंगळे मॅडमना मी प्रथम पाहिलं ते अमरावतीला, कॉलेजच्या प्रयोगशाळेत. मातीच्या एका ढेकळावर त्या चमच्याने पाणी सोडत होत्या. मी मूर्तिजापूरकडच्या काळ्या मातीतला. भिजली की माती फुगते, एवढंच मला ठाऊक. हे ढेकूळ मात्र वाळवंटातून आणलेलं. ते झोपेत कूस बदलावी तसं अलगद खचलं. मॅडम इतक्या तंद्रीत पाहत होत्या, की तासाची वेळ झाल्याचं कुणी बोललंच नाही.

पुढे नोकरीत मी जैसलमेरकडे एका गावात पाण्याच्या टाकीच्या कामावर होतो. टाकीला आधार म्हणून काँक्रीटचे खांब जमिनीत खोल उतरवले होते. एका खांबावर वजन चढवून चाचणी घेतली. खांब जागचा हलला नाही. मी अहवालावर सही केली आणि आनंदाने मॅडमना फोन लावला.

"काहून रे, चाचणीआधी जमिनीले पानी पाजलं का?"

"मॅडम, इथे पाऊसच नाही."

"पाऊस नसन. तू टाकी बांधून राहिला ना? ते कधी गळन का नाही?"

तीन दिवसांनी मॅडम स्वतः तिथे हजर झाल्या. खांबाभोवती चर खणून त्यांनी पाणी भरायला लावलं. ठेकेदार चिडला, "यहाँ पीने को पानी नहीं, और आप ज़मीन को पिला रही हैं!" दुसऱ्या दिवसापासून मॅडम आपल्या आंघोळीची बादलीही त्या चरात ओतू लागल्या. संध्याकाळी खाटेवर बसून आम्ही पाहत असू: वाळू मधासारखी गडद होत जाई, वारा थांबे, आणि पाणी खाली कुठवर पोचलं असेल, हे त्या डोळे मिटून हळू आवाजात सांगत.

सहाव्या दिवशी खांबाभोवतीची जमीन वीतभर खचली. पुन्हा वजन चढवलं. अर्ध्याच वजनाला खांब खाली जाऊ लागला. कोरडी असताना त्याला घट्ट धरणारी माती भिजल्यावर त्यालाच खाली ओढत होती. टाकीच्या जागेला लागून गावची शाळा होती. आणि पहिल्या अहवालावर सही माझी होती.

"माझी नोकरी गेली, मॅडम."

"नोकरीचं पाहू. लेकरं वाचली ना?"

नवे खांब खालच्या खडकापर्यंत न्यायचं ठरलं. नव्या अहवालात पहिल्या अहवालाची चूक स्पष्ट लिहायला त्यांनी मलाच बसवलं, आणि खाली माझ्या सहीशेजारी स्वतःची सही केली. "तुले शिकवलं मीच. मंग चूक एकट्याची कशी?" नोकरी राहिली. त्याहून मोठं म्हणजे, चूक सांगण्याची भीती गेली.

आज मॅडम पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या. परवा अकोल्याला भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "तिकडं आता कालव्यानं शेती होऊन राहिली म्हनतात. जमीन कशी वागते, पाहून येऊ." हिवाळ्याची तिकिटं काढली आहेत. त्यांचे गुडघे खणखणीत राहोत, डोळ्यांतली ती तंद्री कधी न मोडो, आणि आणखी कितीतरी हिवाळे आम्हा विद्यार्थ्यांना त्यांच्यामागे वाळू तुडवत धापा टाकाव्या लागोत.