पत्र्याला सूट नाही

"मला किती सूट, ते सांगा आधी!"

माझी बायको एवढ्या जोरात ओरडली की चिकलठाण्याच्या आमच्या कारखान्यातलं प्रेस मशीन दचकून बंद पडलं. लाइट गेली होती असं फोरमन म्हणतो. म्हणू द्या. मशीनवर मी होतो.

पगाराचा दिवस. हिशेबनीस टेबल मांडून बसलेले, समोर आमची रांग; मशीन बंद पडलं तसा मीही शेपटाला लागलो. शेटच्या ट्रस्टची धर्मशाळा बांधली जात होती. त्यासाठी प्रत्येकाचा एका दिवसाचा पगार कापायचा आणि आम्ही राजीखुशीनं सही ठोकायची. वर हिशेबनीस गूळ लावून सांगत होते, "दानाला सरकार करात सूट देतं. पुण्यही पदरात, फायदाही."

बायको पॅकिंगला होती. टेबलापुढं तीच उभी.

"बाई, एवढ्याशा पगाराला कर कुठं असतो? कर नाही तर सूट कशातून देणार?"

"मग सूट कुणाला?"

"पावती सगळ्यांची मिळून एकच निघते. शेटच्या नावानं."

"म्हंजे दान माझं अन् सूट त्यांना?"

हिशेबनिसांनी चष्मा पुसायला घेतला. इतका पुसला की काचेचा नंबर उतरला असेल.

"माझ्या दानाची बी पावती फाडा मग," ती म्हणाली. "पत्रा दिलाय आम्ही."

हे मात्र सोळा आणे खरं. नामांतराचे दिवस होते. विद्यापीठाच्या नावावरून खेड्यापाड्यांत आमच्या लोकांची घरं जाळली जात होती. अशाच एका जळालेल्या वस्तीसाठी गल्लीत मदत गोळा होत होती, तेव्हा हिनं मला छपरावर चढवलं आणि चुलीवरचा पत्रा काढायला लावला. करमाडच्या बसच्या टपावर बांधून तो गेला. मागं असं भगदाड राहिलं की विमानतळावर उतरणारी माणसं खिडकीतून आमच्या तव्यात डोकावून जायची. एका हवाईसुंदरीनं आमच्या पिठल्याला नाक मुरडलेलं मी या डोळ्यांनी पाहिलंय.

"वस्तूच्या दानाला सूट नसते, बाई. रोख लागतं."

"रोख असतं तर छप्पर कशाला उचकटलं असतं, साहेब?"

शेड हसून हसून वाकडी झाली. मागून आमचा म्हातारा फिटर ओरडला, "लिखो साब, हमारे मोहल्ले से बी चावल की बोरी गई! उसकी बी सूट लिखो!"

"माझ्या सासूची घोंगडी लिहा!"

"सासूच लिहून टाक की!"

हिशेबनीस उठून उभे राहिले. "सही नाही, त्याला उद्यापासून काम नाही."

हसू तिथंच विझलं. दोन पगारांवर आमचं घर चालायचं, तेही लंगडत. बायकोनं पेन उचललं. मला वाटलं, वाकली. तिनं टोपण लावलं आणि पेन टेबलावर ठेवून दिलं.

"माझा दिवस मी भरलाय. द्यायचा कुणाला, ते मीच ठरवीन."

तिच्या मागून फिटरचाचा, मग पॅकिंगच्या बाया. कुणी त्या पेनाला हात लावला नाही. माझी पाळी आली तेव्हा मी हात पाठीमागं असे बांधले की बिडकीनच्या पहिलवानालाही सुटले नसते. अख्खी रांग घरी बसवली तर प्रेस मशीन काय धर्मशाळेतले यात्रेकरू चालवणार होते? शेटनं कपात मागं घेतली. सगळ्यांना पुरा पगार मिळाला. फक्त हिला सांगितलं, उद्यापासून येऊ नका.

आजही कुणी करसवलतीसकट दानाचे गोडवे गायला लागला की मी भर सभेत उठून विचारतो, पत्र्याला किती सूट देता? सभा तिथंच संपते.

त्या संध्याकाळी मात्र माझा आवाज बसला होता. ती भाकरी थापत होती, वर आभाळ उघडं.

"पत्रा गेला, आता काम बी गेलं," मी म्हणालो. "पुढं काय करायचं, काही सुचतंय का?"

तिनं भाकरी उलटली.

"धूर बरा जातोय," ती म्हणाली.