कंट्रोलच्या पिसवा

सकाळी लॅब उघडली आणि आधी कंट्रोलचे बीकर पाहिले. सगळ्या पिसवा तळाशी पडल्या होत्या. शेजारच्या बीकरमध्ये विहिरीचं पाणी होतं, त्यातल्याही पडल्या होत्या. पण कंट्रोलच मेला, की शेजारी काय झालं याला अर्थ उरत नाही.

थोडं समजावून सांगते. मी विद्यापीठाच्या विषशास्त्र प्रयोगशाळेत प्रोजेक्ट असिस्टंट आहे. लॅब वाशीमला आहे आणि आम्ही तिघंच आहोत. गावंडे मॅडम प्रमुख, सन्मितदादा पीएच.डी. करतो, आणि मी. फवारणीची औषधं पाण्यात उतरली तर पाण्यातल्या जिवांचं काय होतं, हे आम्ही पाहतो. त्यासाठी डॅफ्निया नावाचा प्राणी वापरतो. तिळाएवढा असतो, पाण्यात टुणटुण उड्या मारतो. आम्ही त्यांना पिसवा म्हणतो. त्या चावत नाहीत. हे माझ्या आईला बऱ्याचदा सांगावं लागलं.

टेस्ट साधी आहे. काही बीकरमध्ये तपासायचं पाणी, काहींमध्ये खात्रीचं स्वच्छ पाणी. स्वच्छ पाण्याचे बीकर म्हणजे कंट्रोल. सगळ्यांत पिसवांची नवी पिल्लं सोडायची. दोन दिवसांनी बीकर हलकेच हलवायचा. जी पोहत नाही, ती गेली असं धरायचं. कंट्रोलची पिल्लं पोहायलाच हवीत. नाही पोहली तर दोष पाण्याचा नाही, आपला.

या वेळचं पाणी माझ्या गावचं होतं, मेडशीचं. आमच्या वस्तीच्या विहिरीच्या काठावर कोणीतरी फवारणीचा पंप धुतला आणि ओघळ आत गेला. ज्याचं नाव घेतात तो नाही म्हणतो, ज्यांनी पाहिलं ते होय म्हणतात. सरपंचताईंनी विहिरीवर बाभळीच्या काट्या टाकून ती बंद केली. तेव्हापासून वस्तीतल्या बाया हायवे ओलांडून हापशीवर जातात. डोक्यावर हंडे आणि समोरून ट्रक. त्यांच्यात माझी आईसुद्धा. पाण्यात औषध किती आहे हे मोजणारी मोठ्या मशीनवरची तपासणी दुसऱ्या शहरात होते आणि तिथे नंबर लागायला वेळ लागतो. म्हणून मी घाबरतच मॅडमना विचारलं होतं, आपण काही पाहू शकतो का.

"पाहू," मॅडम म्हणाल्या होत्या. "ग्रामसभेच्या आत रिपोर्ट देऊ. पण तू गावची आहेस. तू बीकर लाव, मोजणी सन्मित करेल."

तर मोजायला सन्मितदादा आला. तो कारंज्याच्या जैन कुटुंबातला, घरी किराण्याचं दुकान. मोजण्याआधी तो प्रत्येक बीकरला हळूच "माफ करा हं" म्हणतो. घरी त्याने "पाण्याचं काम करतो" एवढंच सांगितलंय. त्या दिवशी त्याने माफी मागितली आणि माझ्याकडे पाहिलं.

"सुजाता, हे कंट्रोलच आहेत ना? लेबल उलटं नाही ना लावलंस?"

"नाही हो दादा. आणि उलटं लावलं असतं तरी काय? दोन्हीकडच्या मेल्यात."

"हे बरोबर आहे," तो म्हणाला आणि मॅडमना बोलवायला गेला.

मॅडमनी आधी साबणावर संशय घेतला. बीकरला साबण राहिला तर पिसवा मरतात. आम्ही सगळी काच पुन्हा धुतली. मग क्लोरीन पाहिलं. तेही नव्हतं. मग मॅडम म्हणाल्या, "मदर कल्चर बघा." म्हणजे जिथून पिल्लं घेतो ती मोठी काचेची टाकी. तिच्यातही निम्म्या पिसवा खाली बसल्या होत्या.

"उपाशी असतील," मी म्हटलं. आजारी माणसाला आपण पेज पाजतो, तसं आम्ही त्यांना जास्त खायला घातलं. दुसऱ्या दिवशी उरलेल्याही खाली बसल्या.

ग्रामसभा जवळ आली होती. गावाकडून रोज फोन यायचा. "झालं का व रिपोर्ट?" आई विचारायची. पिसवा मेल्या एवढंच सांगितलं असतं, तर वस्तीने विहीर कायमची सोडली असती. काहीच झालं नाही म्हणाले असते, तर आई लगेच बादलीला दोर बांधून विहिरीवर निघाली असती. मी म्हणायचे, "चालू आहे."

तेव्हा सन्मितदादाच्या बरणीकडे माझं लक्ष गेलं. टाकीत पिसवा फार झाल्या की जास्तीच्या टाकून द्याव्या लागतात. त्याच्याने ते होत नाही. तो त्या लोणच्याच्या रिकाम्या बरणीत घालून खिडकीत ठेवतो. आम्ही बरणीला वृद्धाश्रम म्हणतो. वृद्धाश्रमात सगळं मजेत चाललं होतं. उड्या मारणं चालू, पिल्लंही झालेली.

"दादा, बरणीत पाणी कोणतं?"

"आपलंच. टाकीत भरतो तेच."

"आणि खायला?"

"यीस्ट. शेणाचं पाणी मी त्यांना देत नाही, वास येतो."

टाकीतल्या पिसवांना आम्ही शेणाचं पाणी देतो. शेण पाण्यात कालवायचं, फडक्यातून गाळायचं आणि थोडं थोडं टाकायचं. त्यात बारीक जिवाणू वाढतात, ते पिसवा खातात. नेहमीचं शेण वाशीमच्या गोशाळेतून येतं. या वेळी तिथला माणूस पोहरादेवीच्या यात्रेला गेला होता. तेव्हा मीच उत्साहाने म्हटलं होतं, "मी गावाहून आणते ना." एसटीत ती बादली मांडीजवळ धरून आणली. कंडक्टरने विचारलं होतं, "हे कुठी चाललं?" मी म्हटलं, विद्यापीठात. तो म्हणाला, "काहून, तिथलं सरलं का?"

मी मॅडमसमोर जाऊन उभी राहिले.

"मॅडम, शेण असू शकतं. ते माझ्या मामाच्या गायीचं आहे."

"मामांना फोन लाव. स्पीकरवर."

मामाने पहिल्या रिंगलाच उचलला. "बोल व सुजे! पुरलं का शेन? आनखी पाठवू?"

"मामा, गायीला काही औषध दिलं होतं का?"

"मंग! इंजेक्शन देल्लं न. गोचीड लय झाले होते तिले. तू म्हनली युनिव्हर्सिटीत द्याचं हाय, मंग अशी गोचिडाची गाय बरी दिसते का? डॉक्टरले बलावलं, इंजेक्शन देल्लं, आंघोय घातली, अन् मंगच तुले शेन देल्लं. एकदम फस क्लास."

मॅडमनी डोळे मिटले. सन्मितदादा तोंडावर रुमाल धरून बाहेर गेला.

गोचीड मारायचं ते औषध गायीला काही करत नाही. पण ते शेणातून बराच काळ बाहेर पडत राहतं. आणि पिसवांना ते इतकं मारक, की टाकीत नावापुरतं असलं तरी पुरे. कंट्रोलची पिल्लं त्याच टाकीतून विष घेऊन आली होती, आणि टाकीत जास्त खायला घालून आम्ही जास्तच विष घातलं होतं.

"ही विषशास्त्राची लॅब आहे," मॅडम म्हणाल्या. "आपल्यापैकी एकालाही विचारावंसं वाटलं नाही की गाय औषधावर आहे का. मला धरून."

मी म्हटलं, मग कारण सापडलं, लगेच नवी टेस्ट लावू. मॅडम म्हणाल्या, "सापडलं नाही. सुचलंय." म्हणून आधी तीन काचपात्रं लावली. एकात नुसतं पाणी, एकात गोशाळेच्या शेणाचं (तिथला माणूस तोवर यात्रेहून परतला होता), एकात मामाच्या गायीच्या शेणाचं. पिसवा वृद्धाश्रमातल्या. मामाच्या पात्रातल्या तेवढ्या खाली बसल्या. सन्मितदादाने त्यांची जरा जास्तच वेळ माफी मागितली.

मग टाकी रिकामी केली, धुतली, आणि बरणीतल्या पिसवांची पिल्लं घेऊन विहिरीच्या पाण्याची टेस्ट पुन्हा लावली. मीच गावी जाऊन पाण्याचा नवा नमुना आणला होता. दोन दिवस मी त्या टेबलाकडे फिरकले नाही. मोजणी झाल्यावर सन्मितदादाने दारातून हाक मारली, "ये, तुझ्या गावच्या पिसवा नाचतायत." कंट्रोलच्या पोहत होत्या. विहिरीच्या पाण्यातल्याही पोहत होत्या.

मॅडमनी रिपोर्टमध्ये एकेक वाक्य तोलून लिहिलं. या चाचणीत तीव्र विषारीपणा आढळला नाही. मशीनवरचा अहवाल येईपर्यंत पाणी धुण्याला आणि आंघोळीला वापरावं, पिऊ नये. मला ते थोडं कंजूष वाटलं. पण पुढे मशीनचा अहवालही चांगला आला, आणि तोवर हायवेवरच्या फेऱ्या निम्म्या तरी कमी झाल्या होत्या.

ग्रामसभेत रिपोर्ट मीच वाचला. सरपंचताईंनी काट्या काढायला सांगितल्या. आई पदर खोचून आधी काट्या ओढायला गेली. मामा मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "गायीचं नाव त नाई न टाकलं त्याच्यात?"

"नाही मामा. 'कल्चरच्या खाद्याचा स्रोत बदलला' एवढंच लिहिलंय."

"मंग ठीक हाय. तिची काय चूक?"

त्यानंतर लॅबमध्ये नियम झाला. शेण कोणाचंही असो, आधी गायीची चौकशी करायची. मी गावात जिथे जाते तिथे पहिला प्रश्न तोच विचारते: गाय बरी आहे ना, डॉक्टर येऊन गेले का, काय दिलं, कधी दिलं. लोकांना ते फार आवडतं. पोरगी शिकली, पण माणुसकी इसरली नाई, असं म्हणतात आणि मला चहा पाजतात. मी चहा पिते आणि इंजेक्शनचं नाव लिहून घेते.